क्लस्टरचं नेटवर्क गेल्यावर आधी कुठे हात घालायचा?

निशाचर

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज स्वतःची फजिती घेऊन आलोय.

आमच्याकडे प्रॉक्समॉक्सचा (व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारी प्रणाली) पाच नोडचा क्लस्टर आहे, म्हणजे एकत्र काम करणारे पाच सर्व्हर. साठवण सेफवर, म्हणजे डेटाच्या प्रती नोडांवर वाटून ठेवणाऱ्या प्रणालीवर. प्रत्येक नोडला १० गिगाबिटचे दोन पोर्ट, दोन्ही एलएसीपी (अनेक तारांची एक जोडणी करणारा प्रोटोकॉल) लावून एकत्र बांधलेले, म्हणजे बाँड. त्याच बाँडवरून सगळं जातं: व्हीएमची रहदारी, सेफ, कोरोसिंक (नोडांचं आपसातलं बोलणं) आणि रात्रीचा बॅकअप. व्हीएम साधारण ९०. टीम म्हणजे मी आणि एक सहकारी.

गेल्या शनिवारी रात्री स्विचचं फर्मवेअर अपडेट ठरलं होतं. दोन स्विच स्टॅकमध्ये (जोडून एकासारखे चालणारे) आहेत, एक रीबूट झाला तरी दुसरा भार उचलेल असा हिशोब. दोन्ही एकदमच रीबूट झाले. मॉनिटरिंगवर लाल रंगाशिवाय काही दिसेना. महिनाअखेर असल्यामुळे हिशेब विभागातले लोक कामावर होते, त्यांचा फोन पहिला आला, म्हणून मी त्यांच्या व्हीएमच्या मागे लागलो. फायरवॉल बघितली, रूट बघितले, आयपी परत परत तपासला. तोवर पाचही नोड आपले आपण रीबूट झाले. वर आले, जरा बरं वाटलं, आणि अर्ध्या तासात त्यातले तीन पुन्हा गेले. पहाटे तीन-साडेतीनला सगळं शांत झालं. आम्ही काय केल्यामुळे, ते मला आजही सांगता येत नाही.

आणि अजून एक शेपूट उरलंय. चौथ्या नोडवरच्या दोन-तीन व्हीएमना नेटवर्कच नाही. त्याच व्हीएम दुसऱ्या नोडवर हलवल्या की चालतात.

प्रश्न असा, की अशा वेळी तपासाचा क्रम काय ठेवायचा? पुस्तकं म्हणतात ओएसआयच्या थरांप्रमाणे (तळाला तार, वर अ‍ॅप्लिकेशन) खालून वर जा. ९० व्हीएम आणि पाच नोड असताना खालून म्हणजे नक्की कुठून?

---

तांब्याची_तार

खालूनच. केबल, लिंक, पोर्टवरचे एरर. लोक थेट फायरवॉलच्या नियमांत शिरतात आणि प्लग अर्धा बाहेर असतो.

आमच्याकडे एकदा ‘काहींना चालतं, काहींना नाही’ अशी तक्रार आठवडाभर चालली. अ‍ॅप्लिकेशनवाल्यांनी आपला कोड तीनदा तपासला. एलएसीपीतल्या दोन तारांपैकी एकीचं ऑप्टिक (टोकाचा प्रकाश-ट्रान्सीव्हर) मरायला टेकलं होतं. लिंक वर, दिवा हिरवा, पण सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या पॅकेटची मोजणी) वाढत होते. एलएसीपी प्रत्येक प्रवाहाला हॅश करून (पत्त्यांवरून गणित करून) एका तारेवर टाकतं आणि तिथेच ठेवतं. त्यामुळे ज्यांच्या पत्त्यांची जोडी चांगल्या तारेवर पडली त्यांना काही कळलंच नाही, आणि उरलेले रडत बसले. स्विचवरचे काउंटर बघायला दोन मिनिटं लागतात हो.

---

गोंधळी

आधी हिशेब विभागाचा फोन बंद करायचा. मग बाकीचं. (हलके घ्या.)

---

शून्यमार्ग

तारराव, असहमत. खालून वर जाणं एका पेटीपुरतं ठीक आहे. क्लस्टरमध्ये पहिलं काम रुंदी मोजायचं.

एकच व्हीएम गेली का? मग त्या व्हीएमच्या आत बघा, किंवा तिच्या आभासी नेटवर्क कार्डाकडे. एका नोडवरच्या सगळ्या गेल्या? नोडचं अपलिंक (स्विचकडे जाणारी जोडणी), ब्रिज (नोडच्या आतला आभासी स्विच). एका व्हीलॅनमधल्या (त्याच तारांवरच्या एका वेगळ्या आभासी नेटवर्कमधल्या) गेल्या, मग त्या कुठल्याही नोडवर असोत? गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) किंवा ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी). एका नोडवरच्या एकाच व्हीलॅनच्या गेल्या? तर त्या नोडच्या स्विच पोर्टवर तो व्हीलॅन आहे का बघा, दुसरीकडे जाऊच नका. निशाचर, तुमचं चौथ्या नोडचं शेपूट मला या शेवटच्या जातीचं वाटतंय. त्या दोन-तीन व्हीएम एकाच व्हीलॅनच्या आहेत का?

पाच मिनिटं कागदावर ‘काय गेलंय आणि काय चालू आहे’ असे दोन रकाने मांडले की निम्मा शोध तिथेच लागतो. चालू असलेल्याचा रकाना लोक मांडत नाहीत, आणि खरी माहिती त्यातच असते.

---

निशाचर

@शून्यमार्ग, हो, तिन्ही व्हीएम व्हीलॅन ४० वर आहेत. बघतो. पण हा व्हीलॅन तर महिनोन्‌महिने तिथे चालू होता, मधेच कसा जाईल?

---

काथ्याकूट

जरा मोठा प्रतिसाद होणार आहे, आधीच माफी.

वरच्या दोघांचंही बरोबर आहे, पण दोघेही एक गोष्ट गृहीत धरतायत: तुम्ही तपास करताना क्लस्टर गप्प उभा राहील. तो राहत नाही. त्याला स्वतःची बुद्धी आहे आणि नेटवर्क गेलं की ती चालायला लागते.

निशाचर यांचे नोड ‘आपले आपण’ रीबूट झाले ते असं. प्रॉक्समॉक्समध्ये नोड एकमेकांशी कोरोसिंकवरून बोलतात. पाचपैकी किमान तीन एकमेकांना दिसले तर क्वोरम, म्हणजे निर्णय घेण्याइतकं बहुमत. दोन्ही स्विच गेले, म्हणजे प्रत्येक नोड एकटा पडला आणि कुणाकडेच क्वोरम उरला नाही. ज्या नोडवर एचएमधल्या (नोड पडला तर दुसरीकडे आपोआप सुरू होणाऱ्या) व्हीएम चालू असतात, त्याच्या वॉचडॉगला (वेळेवर थोपटलं नाही तर मशीन रीबूट करणाऱ्या टायमरला) क्वोरम गेल्यावर कुणी थोपटत नाही आणि साधारण ६० सेकंदांत तो नोडला रीबूट करतो. हा बिघाड नाही, असंच बांधलंय. तो नोड जिवंत राहिला आणि दुसऱ्या नोडने तीच व्हीएम सुरू केली, तर एकाच डिस्कवर दोघं लिहितील. त्यापेक्षा स्वतःचा गळा दाबलेला बरा, असा विचार.

म्हणून माझा क्रम: सगळ्यात आधी क्लस्टरचे हात धरा. एचए थांबवा, सेफला ‘नोआउट’ (कुणाला बाद धरू नको, असा आदेश) लावा. नाहीतर एखादा ओएसडी (एक डिस्क सांभाळणारा सेफचा भाग) ६०० सेकंद खाली राहिला की सेफ त्याला बाद धरतो आणि त्याचा डेटा दुसरीकडे उभारायला घेतो. मग क्वोरमचं नेटवर्क, मग साठवणीचं, आणि व्हीएमचं शेवटी. हिशेब विभागाच्या व्हीएमची फायरवॉल तपासणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

गिटहबचं २१ ऑक्टोबर २०१८ चं उदाहरण बघा. खराब होत आलेलं १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बदलताना त्यांचा एका केंद्राशी असलेला संपर्क तुटला. किती वेळ? ४३ सेकंद. पण तेवढ्यात डेटाबेसच्या स्वयंचलित फेलओव्हरने (एक पडला की दुसरा नेमणाऱ्या व्यवस्थेने) अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नवे प्रायमरी (मुख्य डेटाबेस सर्व्हर) निवडून टाकले. पूर्वेकडे थोडं लिहिलेलं तिकडे पोचलं नव्हतं, पश्चिमेकडे नवं लिहिलं गेलं. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. तार ४३ सेकंदांत जागेवर आली होती.

---

पाकीटमार

काकू, जबरदस्त प्रतिसाद. वाखुसा (वाचनखूण साठवली). (आयडीला काकू म्हणतोय, व्यक्तीला नाही.)

---

तांब्याची_तार

@काथ्याकूट, ६० सेकंदांत कोण काय थांबवणार? मला फोन उचलून लॅपटॉप उघडायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. क्वोरम गेला की कॉन्फिगरेशनची फाइल सिस्टिमही फक्त वाचण्यापुरती होते, त्यात बदल करता येत नाही. तुमचा पहिला क्रमांक कागदावर छान आहे.

---

काथ्याकूट

मान्य. पहिल्या फेरीत माणूस काहीच करू शकत नाही. तो क्रमांक आदल्या संध्याकाळचा आहे. ठरवून स्विच रीबूट करणार असाल तर आधी सगळ्या नोडवरची एलआरएम सेवा (एचएचा त्या नोडपुरता भाग) थांबवायची, मग सीआरएम (अख्ख्या क्लस्टरचा भाग). तसं केलं की वॉचडॉग नीट मिटतो, व्हीएम चालत राहतात, आणि स्विच दहा मिनिटं गेला तरी नोड जागचे हलत नाहीत. काम झालं की परत सुरू.

पण माझा मुद्दा दुसऱ्या फेरीबद्दल जास्त आहे. निशाचर लिहितात की वर आलेल्यांपैकी तीन अर्ध्या तासाने पुन्हा पडले. तेव्हा तर स्विच चालू होते ना? मग क्वोरम का गेला? हा प्रश्न त्या रात्री पहिला विचारायला हवा होता.

---

सुईदोरा

एक आगाऊ प्रश्न. मॉनिटरिंग कुठे चालतं? पासवर्डची तिजोरी कुठे आहे? डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सेवा)?

आमचं तिन्ही त्याच क्लस्टरवर होतं. क्लस्टर गेला, नोडचे पासवर्ड त्यातल्या व्हीएममध्ये, आणि ती व्हीएम सुरू करायला नोडचा पासवर्ड हवा. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. शेवटी एका सहकाऱ्याला एका नोडचा जुना पासवर्ड आठवत होता म्हणून वाचलो. त्या दिवसापासून नोडचे आयपी आणि व्यवस्थापन पोर्टचे पत्ते छापून ठेवलेत. हो, कागदावर.

फेसबुकचं ४ ऑक्टोबर २०२१ ला साधारण सहा तास जे झालं, त्यातही ही गाठ होती. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं बॅकबोन (डेटा केंद्रं जोडणारं जाळं) तुटलं, डीएनएस सर्व्हरनी आपले बीजीपी मार्ग (आपल्यापर्यंत कसं पोचायचं, ही इंटरनेटला दिलेली माहिती) मागे घेतले, आणि दुरुस्तीला लागणारी आतली साधनंही त्याबरोबर गेली. आपण लहान आहोत म्हणून ही गाठ आपल्याकडे नसते असं नाही.

तर माझ्या यादीत पहिला क्रमांक ‘मी आत कसा जाणार?’ याचा. नोडचा कन्सोल वेगळ्या तारेने पोचतो का, हे आधी बघा.

---

गोंधळी

सुईदोराताई, त्या सहकाऱ्याचा सत्कार केला का? जुना पासवर्ड चालला म्हणजे कुणी बदलला नव्हता. सुरक्षा विभागाने त्याच कार्यक्रमात चौकशीही उरकली असेल.

---

सुईदोरा

दोन्ही झालं. :)

---

नवशिक्या_००

मी नुकताच या क्षेत्रात आलोय. मूर्ख प्रश्न असेल, पण व्हीएममधून पिंग जात नाही तेव्हा पॅकेट नेमकं कुठे अडलं हे कसं बघतात? स्विच तर डोळ्यांना दिसतो, हा आतला ब्रिज दिसत नाही.

---

पाकीटमार

माझा आवडता विषय, आयडी उगाच घेतलेला नाही.

व्हीएमच्या कार्डातून निघालेलं पॅकेट नोडवर टॅप नावाच्या आभासी पोर्टवर येतं, तिथून ब्रिजवर, ब्रिजवरून बाँडवर, आणि बाँडमधल्या एखाद्या खऱ्या कार्डातून बाहेर. (प्रॉक्समॉक्सची फायरवॉल लावली असेल तर टॅप आणि ब्रिजच्या मधे आणखी एक छोटा ब्रिज येतो.) टीसीपीडम्प (पॅकेट टिपून दाखवणारं साधन) आधी टॅपवर लावा, मग खऱ्या कार्डावर. टॅपवर दिसतं आणि कार्डावर नाही, तर चूक नोडच्या पोटात. कार्डावरून एआरपीचा (‘हा आयपी कुणाचा?’ असा) प्रश्न बाहेर गेलेला दिसतोय पण उत्तर येत नाही, तर नोड सोडा आणि स्विचकडे वळा.

एक इशारा. बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर ‘चेकसम (पडताळणीची बेरीज) चुकलं’ असं दिसेल. घाबरू नका. चेकसम भरायचं काम कार्डावर सोपवलेलं असतं आणि टीसीपीडम्प त्याच्या आधीच बघतो. मी माझ्या उमेदीच्या दोन रात्री यावर घालवल्या आहेत, चोर सोडून संन्याशाला फाशी देत.

दुसरं म्हणजे साधा पिंग चालला म्हणून खूश होऊ नका. जंबो फ्रेम (१५०० ऐवजी ९००० बाइटची पॅकेट) वापरत असाल तर ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून ८९७२ बाइटचा पिंग मारा. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा. वाटेत एक जरी पोर्ट १५०० वर राहिलं असेल तर लहान पिंग पळतो, एसएसएच लॉगिनही होतं, आणि मोठी फाइल पाठवली की सगळं लटकतं. सेफ असलेल्या क्लस्टरवर स्विचला हात लागल्यावर ही तपासणी प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडकडे कराच.

---

शून्यमार्ग

पाकीटमारांशी सहमत, फक्त एक पुस्ती. बिघाड किती वेळ टिकला हे घड्याळ लावून लिहून ठेवा. त्यावरून रोग ओळखता येतो.

तार जोडल्यावर बरोबर ३० सेकंदांनी नेटवर्क आलं? जुन्या पद्धतीचं स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले फेरे टाळणारी व्यवस्था): १५ सेकंद ऐकण्याचे, १५ शिकण्याचे. नोडच्या पोर्टवर पोर्टफास्ट (हे थांबणं टाळणारी सेटिंग) नाही. दीड मिनिट गेलं? एलएसीपी संथ गतीवर आहे, ३० सेकंदांचे तीन निरोप चुकल्यावर त्याला जाग येते. पाच मिनिटांनी आपोआप बरं झालं? बऱ्याच स्विचवर मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) ३०० सेकंदांनी विसरला जातो, कुणीतरी मॅक जुन्या पोर्टवर धरून बसलं होतं. आणि व्हीएम त्याच आयपीने नव्याने उभी केली व काही तास बाहेरून दिसलीच नाही, तर गेटवेची एआरपी नोंद बघा. सिस्कोच्या राउटरवर ती मुळात चार तास टिकते.

‘आपोआप बरं झालं’ म्हणून तिकीट बंद करणाऱ्यांचा मला राग येतो. काही आपोआप होत नसतं, कुठलातरी टायमर संपलेला असतो.

---

तांब्याची_तार

हे मात्र दंडवत घालण्यासारखं. छापून सर्व्हरच्या खोलीत लावतो.

---

साहेबगिरी

तांत्रिक चर्चा उत्तम, पण कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी. मी व्यवस्थापनात आहे, शिव्या द्या. धंद्याच्या दृष्टीने कुठली सेवा आधी यायला हवी याची यादी असतेच. महिनाअखेरीला हिशेब विभाग पहिला असेल तर निशाचर यांनी तिकडे आधी बघितलं यात चूक काय?

---

काथ्याकूट

चूक एवढीच, की ती यादी ‘परत सुरू करण्याचा’ क्रम सांगते, ‘शोधण्याचा’ नाही. ९० व्हीएम गेल्या असताना एका महत्त्वाच्या व्हीएमच्या आत कारण सापडणार नाही. पाया हलतोय आणि तुम्ही कळसाचा रंग बघताय. क्वोरम आणि साठवण आली की मग तुमच्या यादीप्रमाणे हिशेब विभागाची व्हीएम पहिली सुरू करा, माझी हरकत नाही.

---

सुईदोरा

आणि दोन माणसांची टीम असेल तर एकाने फक्त फोन घ्यायचे, काय केलं ते वेळेसकट लिहायचं, आणि कीबोर्डला हात लावायचा नाही. दोघांनी दोन टोकांकडून बदल सुरू केले की कशाने बरं झालं ते कुणालाच कळत नाही. निशाचर यांचं पहाटेचं गूढ मला त्यातलंच वाटतंय.

---

निशाचर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लॉग वाचत बसलो होतो. सुईदोराताई, तुम्ही आमच्या खोलीत कॅमेरा लावलाय का?

दुसऱ्या फेरीचं कारण सापडलं. स्विच परत आल्यावर नोड वर आले आणि सेफ मागे राहिलेल्या प्रती जुळवायला लागला. तेवढ्यात रात्रीच्या बॅकअपची वेळ झाली. दोघांनी मिळून बाँड तुडुंब भरला. कोरोसिंकला जागा फार लागत नाही, पण उशीर चालत नाही, पाच मिलिसेकंदांच्या आत निरोप पोचायला हवेत. लॉगमध्ये टोकन (नोडांमध्ये फिरणारा निरोप) चुकल्याच्या ओळीच ओळी आहेत. तीन नोडचा क्वोरम गेला, वॉचडॉगने त्यांना रीबूट केलं. ते वर आले की सेफला आणखी काम, बाँड आणखी भरलेला. चक्र.

आणि पहाटे शांत का झालं? सहकाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, “बॅकअपची डिस्क भरत आली होती म्हणून तो मी तीनच्या सुमारास बंद केला.” मला सांगितलं नव्हतं, कारण मी तेव्हा फोनवर हिशेब विभागाला धीर देत होतो.

---

शून्यमार्ग

म्हणजे रोग बरा केला तुमच्या सहकाऱ्याने, आणि तोही दुसऱ्याच रोगाचं औषध देऊन.

कोरोसिंकला वेगळी तार द्या. प्रत्येक नोडच्या मदरबोर्डवर १ गिगाबिटचं पोर्ट रिकामं असेलच, एक साधा छोटा स्विच पुरतो. त्याच बाँडवर वेगळा व्हीलॅन केला म्हणजे वेगळी तार होत नाही, ही चूक मी स्वतः केली आहे. कोरोसिंक ३ मध्ये आठपर्यंत लिंक देता येतात. पहिली लिंक छोट्या स्विचवर आणि दुसरी बाँडवर राखीव ठेवा.

---

नवशिक्या_००

आणि व्हीलॅन ४० चं काय झालं?

---

निशाचर

तेच सांगायचं लांबवत होतो.

पाकीटमारांनी सांगितल्याप्रमाणे टीसीपीडम्प लावला. चौथ्या नोडच्या खऱ्या कार्डावरून एआरपीचा प्रश्न बाहेर जात होता, उत्तर नव्हतं. स्विचवर गेलो, तर त्या नोडच्या पोर्टवरच्या परवानगीच्या यादीत व्हीलॅन ४० नाहीच. चौथा नोड आम्ही नंतर वाढवला होता. तेव्हा कुणीतरी त्याच्या पोर्टवर ४० चालू केला, काम झालं, आणि कॉन्फिगरेशन सेव्ह केलं नाही. स्विच त्यानंतर रीबूट झालाच नव्हता, त्यामुळे महिनोन्‌महिने चाललं. शनिवारी रीबूट झाला आणि विसरला.

आता प्रत्येक स्विचवर चालू आणि साठवलेलं कॉन्फिगरेशन ताडून बघितलं. आणखी दोन पोर्ट तसेच निघाले.

---

गोंधळी

‘कुणीतरी’ म्हणजे कोण, ते लॉगमध्ये नसतं का हो?

---

निशाचर

असतं. म्हणूनच दोन दिवस लागले लिहायला.

---

साहेबगिरी

हिशेब विभागाला काय सांगितलं?

---

निशाचर

स्विचचं फर्मवेअर.